डोळ्यांचा कोरडेपणा : नुसत्या थेंबांनी भागेना तेव्हा



डोळ्यांत माती गेल्यासारखे खुपते, चुरचुरते, सकाळी पापण्या चिकटतात, ऊन-वारा लागला की घळाघळा पाणी येते, अशी तक्रार आपल्यापैकी पुष्कळांनी केली असेल, निदान घरात ऐकली तरी असेल. माती तर काही सापडत नाही. मग कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी म्हणते चष्म्याचा नंबर वाढला, कोणी तुपाचे बोट फिरवते, कोणी दुकानातून थेंबांची बाटली आणते. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे महिनेच्या महिने चालले, की माणूस समजतो, आता हे असेच चालायचे. ही समजूत खरी नाही. या दुखण्याला बहुधा डोळ्यांचा कोरडेपणा म्हणतात. थेंबांनी ते भागले नाही, तर त्यापुढे दवाखान्यात करण्यासारखे पुष्कळ काही असते. ते काय, कोणासाठी, आणि कोणासाठी नाही, हे आज आपण पाहू.

आधी एक कोडे सोडवू. डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि डॉक्टर म्हणतात डोळा कोरडा आहे. हे कसे? त्यासाठी आपल्या आसवांची घडण समजून घेतली पाहिजे. डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्यावर आसवांचा एक अतिशय पातळ थर नेहमी पसरलेला असतो. रडण्याची आसवे वेगळी. हा थर हसताना, काम करताना, वाचतानाही असतो. तो तीन गोष्टींचा बनतो. डोळ्याला लागून थोडा चिकट पदार्थ असतो, त्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहते. त्यावर खरे पाणी. ते वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या अश्रुग्रंथींतून येते. आणि सर्वांत वर तेलाचा तवंग. हो, तवंगच! आमटीवर जसा तवंग येतो, तसाच, पण कितीतरी पातळ. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत त्या तीसच्या आसपास असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमच्या ग्रंथी म्हणतात.

तवंगाचे काम एकच : खालचे पाणी उडून जाऊ न देणे. आपण पापणी मिटतो तेव्हा हा तवंग पुन्हा सारखा पसरतो. तवंग नीट नसला की पाणी भराभर वाळते, पडदा उघडा पडतो, तो खुपू लागतो. आणि खुपले की अश्रुग्रंथी घाबरून एकदम पाण्याचा लोंढा सोडते. हे पाणी गालावर ओघळून जाते, डोळ्यावर टिकत नाही. वाफ्याला एकदम पाट सोडला आणि बांध फुटलेला असला, तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाते आणि आपले पीक वाळते, तसेच हे. कोडे सुटले ना?

यावरून ध्यानात येईल की डोळा दोन तऱ्हांनी कोरडा होतो. एक, विहिरीलाच पाणी कमी. म्हणजे अश्रुग्रंथी पुरेसे पाणी देत नाही. दुसरी, पाणी आहे पण तवंग नाही, म्हणून ते उडून जाते. दुसऱ्या तऱ्हेचे रोगी अधिक आढळतात. कित्येकांत दोन्ही दोष एकत्र असतात. आता, दोष कोणता हे न पाहता उपाय करणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोठी मोटर बसवण्यासारखे आहे. खर्च होतो, पाणी येत नाही. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा : आधी दोष ओळखावा, मग उपाय निवडावा.

दोष ओळखण्याच्या परीक्षा सोप्या आहेत आणि दुखत नाहीत. पहिली, कागदाच्या पट्टीची. टिपकागदासारखी पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात, आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. पाच मिलिमीटरपर्यंतच भिजली, तर पाणी निश्चित कमी आहे असे समजतात. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली काढलेली ही युक्ती आजही वापरात आहे. दुसरी परीक्षा तवंगाची. डोळ्यात पिवळा रंग टाकतात, रोग्याला पापणी मिटू नको म्हणतात, आणि आसवांचा थर किती सेकंदांत फाटतो ते निळ्या उजेडात पाहतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तवंगात खोट आहे असा संशय घ्यावा. तिसरे म्हणजे भिंगाच्या यंत्रातून पापणीची कड पाहून ती हलके दाबणे. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ तेलाचा थेंब येतो. बिघडलेल्या ग्रंथीतून दात घासण्याच्या मलमासारखा घट्ट पदार्थ येतो, नाहीतर काहीच येत नाही.

याखेरीज डॉक्टर काही प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे मोकळेपणाने द्यावीत. तोंडही कोरडे पडते का? भाकरीचा घास पाण्यावाचून गिळवत नाही का? सांधे दुखतात का? डोळे, तोंड आणि सांधे या तिघांचे दुखणे एकत्र आले, विशेषतः मध्यमवयीन बाईला, तर तो सबंध शरीराचा एक रोग असू शकतो. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तिथे नुसत्या डोळ्यांवर उपाय करून भागत नाही. रक्त तपासून घ्यावे लागते. सर्दीच्या व ॲलर्जीच्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरील काही औषधे यांनीही डोळा कोरडा होतो. म्हणून आपण घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दवाखान्यात न्याव्यात.

आणि लहान मूल असेल, त्याला संध्याकाळनंतर नीट दिसत नसेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसत असेल, तर ती वेगळीच गोष्ट आहे. तो अ जीवनसत्त्वाचा अभाव समजावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. तिथे उशीर केला तर डोळा कायमचा जातो.

आता उपायांकडे वळण्यापूर्वी एक धोक्याची सूचना. दुकानात जाऊन "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून आणलेल्या बाटलीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन जाते, म्हणून माणूस खूश होतो आणि तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतो. महिनोन्महिने हे चालले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. शिवाय उसाचे पाते, भाताचे तूस किंवा काडी लागून डोळ्यात बुरशीची जखम झाली असेल, तर हेच औषध त्या बुरशीला खतपाणी घालते. स्टेरॉइड वाईट नाही. डॉक्टर ते थोडे दिवस, डोळ्याचा दाब तपासत देतात. मात्र आपल्या मनाने ते कधी घालू नये. मध, तूप, एरंडेल, आईचे दूध हेही डोळ्यांत घालू नये. हेतू चांगला असतो, पण ते निर्जंतुक नसते.

घरचा खरा उपाय कोणता? शेक. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, तेव्हा आपण काय करतो? बाटली फोडत नाही. उन्हात ठेवतो, नाहीतर कोमट पाण्यात धरतो. पापणीतले तेल थिजले असले तर त्यालाही ऊबच द्यायची. स्वच्छ कापडाची घडी कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मनगटाला सोसते का ते पाहून मिटलेल्या पापण्यांवर दहा मिनिटे ठेवावी, आणि निवली की पुन्हा ऊन करावी. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी हलके चोळावी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापण्यांच्या कडा पुसाव्यात. याच्या जोडीला डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब. दिवसातून चार-सहा वेळांहून अधिक घालावे लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब मागावेत. ते द्रव्य वरचेवर गेले तर स्वतःच डोळ्याला झोंबते. डोळ्याची सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंबही मिळतात. त्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत बाटली फेकून देऊ नये.

एवढे महिना-दोन महिने नेमाने करूनही गुण आला नाही, तर दवाखान्यातील उपायांची पाळी येते.

प्रथम तेलाच्या दोषावरचे उपाय. सर्वांत साधा म्हणजे डॉक्टरांनी पापणी शेकून, बधिर करणारा थेंब घालून, ग्रंथी दाबून मोकळ्या करणे. थोडे दुखते, पण थिजलेला माल बाहेर पडतो. पापण्यांच्या कडेला कोंडा आणि केसांच्या मुळाशी बारीक जंतू व किडे साठले असतील, तर मऊ फिरत्या ब्रशाने कडा घासून साफ करतात. ज्यांना वरचेवर रांजणवाडी होते, त्यांना याचा चांगला उपयोग होतो.

याच शेक-दाबाचे यंत्रही निघाले आहे. अमेरिकेत २०११ साली त्याला परवानगी मिळाली. त्याचे नाव लिपिफ्लो. डोळ्यावर एक वाटीसारखे झाकण बसवतात. ते पापणीला आतल्या बाजूने सुमारे ४२ अंश सेल्सियसपर्यंत ऊब देते आणि बाहेरून हळूहळू दाबते. बारा मिनिटांत काम होते. आपला घरचा शेक बाहेरून कातडीवर पडतो, हा आतून ग्रंथीजवळ पडतो, एवढाच मुख्य फरक. गुण काही महिने टिकतो, पुढे पुन्हा करावे लागू शकते. हे यंत्र महाग आहे व मोठ्या शहरांतच सापडते.

दुसरा उपाय प्रकाशाच्या झोतांचा. त्याला आयपीएल म्हणतात. हे यंत्र मूळचे कातडीच्या रोगांसाठी. चेहऱ्याच्या लालीवर ते वापरताना डोळ्यांची तक्रारही कमी होते असे आढळले, आणि मग ते मुद्दाम डोळ्यांसाठी वापरात आले. डोळे पूर्ण झाकून, खालच्या पापणीखाली व गालावर प्रकाशाचे झोत सोडतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चार वेळा जावे लागते. मात्र आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. हा प्रकाश कातडीच्या काळ्या रंगात शोषला जातो. त्यामुळे गडद वर्णाच्या माणसाला चटका बसण्याची किंवा डाग पडण्याची भीती असते. २०२१ साली अमेरिकेत या उपायाला कोरड्या डोळ्यांसाठी परवानगी मिळाली, तीही फार गडद वर्ण वगळूनच. शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने हा उपाय करण्यापूर्वी "माझ्या कातडीला हे चालेल का?" असे स्पष्ट विचारावे, आणि विचारण्यात कमीपणा मानू नये.

या सगळ्या उपायांना एक मर्यादा आहे. ग्रंथी तुंबली असेल तर मोकळी करता येते. पण वर्षानुवर्षे तुंबून ती वठून गेली, तर वठलेल्या झाडाला पाणी घालून पालवी फुटत नाही, तसेच तिचे होते. म्हणून "बघू पुढच्या वर्षी" असे म्हणत बसू नये.

आता पाण्याच्या दोषावरचे उपाय. पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला वर एक व खाली एक असे टाचणीच्या टोकाएवढे भोक असते. आसवे तिथून नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. म्हणजे ती डोळ्याची मोरी. विहिरीला पाणी थोडे असेल तर मोरीला बोळा लावून असलेले पाणी राखावे, हा शहाणपणाचा विचार. १९३५ साली विल्यम बीटम या अमेरिकन वैद्याने ही भोके डाग देऊन बंद करण्याची रीत सांगितली, आणि १९७५ साली जेरी फ्रीमन यांनी सिलिकोनचा बारीक बोळा बसवण्याची. त्याला प्लग म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून लहान असा हा प्लग काही मिनिटांत बसतो. टाके नाहीत, इस्पितळात राहणे नाही. कोणी आधी काही दिवसांत आपोआप विरघळणारा प्लग बसवून पाहतात, आणि गुण आला तर टिकाऊ बसवतात. टिकाऊ प्लगही नको असल्यास काढता येतो. तो कधी निसटतो, कधी पाणी जास्त साठून ओघळते, क्वचित भोकात पू होतो. आणि पापण्यांना सूज असताना प्लग घाईने बसवू नये. मोरी तुंबवायची तर आधी अंगण झाडून घ्यावे. नाहीतर घाण पाणीच साठेल.

त्याहून पुढची पायरी म्हणजे स्वतःच्या रक्ताचे थेंब. ऐकून दचकू नका. रोग्याचे रक्त काढून गोठू देतात, ते यंत्रात फिरवून वरचा पिवळसर निवळ द्रव वेगळा करतात, आणि सलाइन मिसळून त्याचे थेंब बनवतात. पुष्कळ ठिकाणी शंभरात वीस भाग असे प्रमाण ठेवतात. या द्रवात जखम भरून काढणारी द्रव्ये असतात, ती साध्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांत नसतात. शोग्रेनच्या रोगात यांचा उपयोग झाल्याचे १९८४ साली रॉबर्ट फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. पण यात परिरक्षक द्रव्य नसते, म्हणून हे थेंब थंडीतच ठेवावे लागतात. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते तिथे हे कसे सांभाळायचे, याचा विचार आधी करावा आणि डॉक्टरांशीही बोलावे.

राहिले अगदी अवघड रोगी. कधीकधी एखाद्या औषधाची, जसे की सल्फाची किंवा फेफऱ्यावरील काही गोळ्यांची, अशी भयंकर प्रतिक्रिया येते की अंगाची कातडी सोलते, तोंड येते, डोळे चिकटतात. याला स्टीव्हन्स-जॉन्सनचा रोग म्हणतात. जिवावरचे दुखणे असल्याने सगळ्यांचे लक्ष जिवाकडे असते आणि डोळे मागे राहतात. पण त्या पहिल्या आठवड्यातच नेत्रवैद्याला दाखवणे फार महत्त्वाचे आहे. बाळंतपणात मिळालेल्या वारेच्या आतल्या पातळ पडद्याने डोळा झाकला, तर पुढचा कोरडेपणा व आंधळेपणा पुष्कळ टळू शकतो. वेळ गेली असेल, तरी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक लेन्स बसवतात. तिच्या आत निर्जंतुक सलाइन भरलेले असते, म्हणजे डोळा दिवसभर ओलाव्यात राहतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी अशा लेन्स बसवतात. ही लेन्स धुवायला नळाचे किंवा विहिरीचे पाणी कधी वापरू नये, आणि ती घालून झोपू नये. पडदा फारच उघडा पडत असेल, तर पापण्यांच्या कडा बाहेरच्या बाजूने थोड्या शिवून डोळा अरुंद करणे हा जुना उपायही आहे. दिसायला बरा वाटत नाही, पण डोळा वाचवतो.

इतके उपाय ऐकून कोणाला वाटेल, मोठे यंत्र म्हणजे मोठा गुण. तसे नाही. पाणी कमी असलेल्या माणसाला नुसत्या महागड्या शेकाने भागायचे नाही, आणि तेल थिजलेल्या माणसाची मोरी बुजवून सगळे काम होत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. माझ्यात दोष पाण्याचा की तेलाचा? या उपायाचा गुण किती महिने टिकेल? पुन्हा करावा लागला तर एकूण खर्च किती येईल? आणि याहून साधा उपाय आधी करून पाहता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. "मुळापासून बरा करतो" अशी हमी देणाऱ्यापासून मात्र दोन हात दूर राहावे. हा रोग बहुतेकांत पूर्ण जात नाही. तो ताब्यात राहतो. रक्तदाब ताब्यात ठेवावा, तसाच तो सांभाळावा लागतो, आणि त्याने सुखाने काम करता येते.

शेवटी दोन शब्द शिक्षकबंधूंसाठी व भगिनींसाठी. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी मिटतो. पेपर तपासताना किंवा मोबाइलवर माहिती भरताना हे प्रमाण बरेच खाली येते. तवंग पसरायला पापणी पूर्ण मिटावी लागते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी वर पाहावे, खिडकीबाहेर दूरवर नजर टाकावी आणि दहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. फळा कोरड्या फडक्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. मळणीच्या वेळी व मोटरसायकलवर साधा चष्मा घालावा, चुलीचा धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवावी, हे मुलांकरवी घराघरांत पोचवावे.

आणि गावात कोणी महिनोन्महिने एकच बाटली डोळ्यांत घालताना दिसले, तर त्याला ती बाटली घेऊन ग्रामीण रुग्णालयात नाहीतर जिल्हा रुग्णालयात नेत्रविभागाकडे पाठवावे. दुखणे वाढून एकाएकी नजर धूसर झाली, उजेड सोसेनासा झाला, किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.